स्पर्धेआधीची सही: खेळाडूच्या फिटनेस सर्टिफिकेटमागे डॉक्टर काय शोधतो?

पावसाळा सरत आला की माझ्या अंबरनाथच्या दवाखान्यात एक वेगळी गर्दी सुरू होते. ही मंडळी आजारी नसतात. पाठीला सॅक, पायात दणकट बूट, हातात घडी पडलेला फॉर्म आणि वाक्य ठरलेलं: "डॉक्टर, फक्त एक सही हवी आहे." कॉलेजच्या जिमखान्यात उद्या फॉर्म द्यायचा असतो, आणि बहुतेकांना ते रात्री साडेनऊला आठवतं.

हा लेख त्या सहीबद्दल आहे. लिहितोय मुख्यतः बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी. कबड्डी, फुटबॉल, खो-खोवाल्यांनी वाचला तरी त्यांचा तोटा नाही. बास्केटबॉललाच पुढे का बसवलं, ते थोड्या वेळाने सांगतो.

आधी स्पर्धेबद्दल, कारण तिचं स्वरूप कळलं नाही तर मुलं डॉक्टरांपासून गोष्टी का लपवतात तेही कळणार नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. आपल्याकडच्या व्यवस्थेत कॉलेजचा संघ कॉलेज म्हणून राष्ट्रीय स्पर्धेला जाऊ शकत नाही. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यांतून निवड चाचणी, आणि शेवटी विद्यापीठाच्या संघात बारा जणांची नावं. हा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि तिथे वरच्या क्रमांकात आला तर अखिल भारतीय स्पर्धेला. या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघाच्या. ही संस्था १९२५ सालची. २०२० साली भुवनेश्वरला पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाली, त्यातही बास्केटबॉल होता. म्हणजे बदलापूरच्या एखाद्या मुलाला राष्ट्रीय स्पर्धेच्या मैदानावर पाय ठेवायचा असेल, तर शेकडो मुलांतून त्या बारांत यावं लागतं. एकदा नाव लागलं की ते जाऊ नये म्हणून तो काय वाटेल ते करेल. तुमचा मुलगाही करेल.

अमेरिकेत मात्र छोट्या कॉलेजांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा आहे, आणि तिची गोष्ट मला आवडते, कारण ती सुरू करणाऱ्यांत एक डॉक्टर होता. जेम्स नायस्मिथ. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड गावातल्या वायएमसीएच्या शाळेत हिवाळ्यात घरात कोंडलेल्या मुलांसाठी त्यांनी पीचच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि बास्केटबॉल जन्माला आला. हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्यानंतर ते डेन्व्हरला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले आणि १८९८ साली डॉक्टर झाले, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. म्हातारपणी, १९३७ साली, त्यांनी आणि काही प्रशिक्षकांनी मिळून कॅन्सस सिटीत छोट्या कॉलेजांसाठी राष्ट्रीय स्पर्धा उभी केली. पहिल्या वर्षी आठ संघ होते, दुसऱ्या वर्षी बत्तीस. पुढे अनेक दशकं हे बत्तीस संघ एकाच शहरात, एकाच आठवड्यात खेळायचे. विजेतेपद हवं तर पाच सामने जिंकायचे, तेही सहा दिवसांत. दमवून टाकणारी स्पर्धा म्हणून तिची ख्याती होती. आता स्वरूप बदललंय. चौसष्ट संघ असतात आणि शेवटचे सोळाच कॅन्सस सिटीला जातात.

आपल्या विभागीय स्पर्धाही दमछाकीत मागे नाहीत. सामने लागून असतात, प्रवास स्लीपर डब्यातला, मुक्काम वसतिगृहात आठ-दहा जणांच्या खोलीत, पाणी आणि जेवण दर गावी नवं. कॉलेजच्या पातळीवर तर वेगळीच अडचण. नियमाप्रमाणे संघात बारा खेळाडू ठेवता येतात, पण छोट्या कॉलेजात आठ जमले तरी नशीब. त्यातला एक परीक्षेला, एकाचा घोटा मुरगळलेला. मग तेच पाच-सहा जण पूर्ण चाळीस मिनिटं धावतात. बदली खेळाडूच नसेल तर "सर, मला छातीत कसंतरी होतंय" असं कोण म्हणेल?

बास्केटबॉलचा सामना दिसायला धावपळीचा असतो, हृदयाच्या दृष्टीने तर तो फारच चढ-उताराचा असतो. एकदम वेगात धाव, एकदम थांबणं, उडी, धक्का, परत धाव. चेंडू खेळात असताना हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जातात आणि तिथेच टिकतात. निरोगी हृदयाला हे उत्तम मानवतं. खेळू नका असं सांगायला हा लेख लिहिलेला नाही. माझ्या दवाखान्यात खेळून आजारी पडणाऱ्यांच्या कितीतरी पट लोक बसून बसून आजारी पडलेले येतात.

पण एक आकडा सांगायलाच हवा. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंच्या मृत्यूंची नीट नोंद ठेवली जाते. २०१५ साली तिथल्या दहा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्व खेळ मिळून, वर्षाला साधारण ५४,००० खेळाडूंमागे एकाचा हृदयामुळे अचानक मृत्यू झाल्याचं दिसलं. पुरुष बास्केटबॉलपटूंत हे प्रमाण ९,००० मागे एक होतं, म्हणजे जवळपास सहापट. कारणं अनेक असावीत. उंच मुलं या खेळात जास्त येतात, हे त्यातलं एक. धोका तरीही फार लहान आहे, हे विसरू नका. ९,००० मधल्या ८,९९९ जणांना काही झालं नाही. प्रश्न त्या एकाचा असतो, आणि तो बऱ्याचदा आधी खुणा देतो.

कोणत्या खुणा, हे समजायला दोन आजार ओळखून घेऊ.

पहिला, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. नाव लांबलचक आहे, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. हा आनुवंशिक असतो आणि वाटतो तितका दुर्मीळ नाही, साधारण ५०० माणसांत एकाला असतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा अवाजवी जाड होतो. कधी तो रक्त बाहेर पडायच्या वाटेतच येतो. शिवाय या जाड स्नायूतले तंतू नीट ओळीत नसतात, त्यामुळे त्यातून जाणारी विजेची लाट भरकटू शकते. ती पूर्ण भरकटली तर हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरतं. बहुतेक रुग्णांना आयुष्यभर फारसा त्रास होत नाही. काहींना पहिलाच त्रास मैदानावर होतो.

दुसरा, मार्फान सिंड्रोम. यात शरीरातली जोड-ऊती सैल असते. माणूस उंच, सडपातळ, हातपाय आणि बोटं लांब. हृदयातून निघणारी महाधमनी मात्र फुगत जाते आणि एखाद्या दिवशी चिरू शकते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असताना अशीच गेली. तोवर तिला हा आजार असल्याचं कुणाला कळलं नव्हतं. म्हणून सहा फुटांवरचा मुलगा आला की मी त्याला अंगठा तळव्यात दुमडून मूठ मिटायला सांगतो. अंगठ्याचं टोक करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावलं, किंवा एका हाताने दुसरं मनगट धरल्यावर अंगठा आणि करंगळी एकमेकांवर चढली, की मी मोजपट्टी काढतो. दोन्ही हात आडवे पसरल्यावर होणारी लांबी उंचीपेक्षा बरीच जास्त असेल तर इको सांगतो. घरी हे करून बघितलंत आणि अंगठा बाहेर आला, तर लगेच घाबरू नका. नुसत्या अंगठ्यावरून कुणाला मार्फान ठरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण: चक्कर. आपल्याकडे चक्कर येणं हे इतकं नेहमीचं आहे की तिला कुणी भीक घालत नाही. एप्रिलमध्ये बदलापूर-अंबरनाथला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उन्हात उभं राहिलेलं निरोगी पोरही कोसळतं. लोकलच्या दारात घुसमटून येते, रक्त बघून येते, उपाशीपोटी येते. सामना संपवून एकदम थांबल्यावरही येते, कारण धावताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, ते अचानक थांबतं. या चकरा आधी सूचना देतात. डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो, मळमळतं, माणूस आधार शोधतो. यांना मी फारसं भीत नाही.

मी भितो ती धावता धावता येणारी चक्कर. पाय पळत आहेत, हात चेंडूवर आहे, आणि माणूस दिवा विझावा तसा खाली. हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही, म्हणून हनुवटी किंवा भुवई फुटते. अर्ध्या मिनिटाने तो उठतो, पाणी पितो, "काही नाही रे, ठीक आहे" म्हणतो. खरंच ठीक दिसतो. ही चक्कर एकदा जरी आली, तरी पुढचा सामना खेळायचा नाही. आधी हृदयाची तपासणी, मग बाकीचं.

काही वर्षांपूर्वी असा एक मुलगा माझ्याकडे आला होता. ओळख पटू नये म्हणून त्याचे तपशील बदलले आहेत. एकोणीस वर्षांचा, उंच, हसरा. विद्यापीठाच्या संघात नाव लागलं होतं आणि आठवड्याभरात निघायचं होतं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. छातीत दुखतं का, धडधडतं का, कधी चक्कर आली होती का? प्रत्येकाला "नाही". इतकी पटापट "नाही" की मी फॉर्म बाजूला ठेवला. सोबत त्याचा मित्र होता, मोबाइलमध्ये डोकं घातलेला. तो मान वर न करताच म्हणाला, "अरे, त्या मॅचला पडला होतास ना, लेअप मारताना?" खोलीत एकदम शांतता पसरली. मित्राला बिचाऱ्याला कळेनाच, आपलं काय चुकलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

मी मुलाला उकिडवं बसवलं आणि छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मग तसंच उभं राहायला सांगितलं. लहान वयात हृदयाचा हलका फुसफुस आवाज अनेकांना असतो, निरुपद्रवी असतो, आणि उभं राहिल्यावर बहुधा कमी होतो. याचा वाढला. ईसीजी काढला, तो वाकडा होता. दोन दिवसांनी इको झाला. हृदयातल्या त्या पडद्याची जाडी निरोगी माणसात ११ मिलिमीटरपर्यंत असते. जोरदार व्यायाम करणाऱ्या खेळाडूंचंही हृदय थोडं जाड होतं, पण ते क्वचितच १३ च्या वर जातं. याचा आकडा २१ होता.

संध्याकाळी आईवडील आले. वडील एमआयडीसीत शिफ्टवर, डबा हातात तसाच. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग आई म्हणाली, "डॉक्टर, ही एकच स्पर्धा खेळू द्या. आल्यावर सोडेल तो." वडील म्हणाले, "लिहून देतो, जबाबदारी आमची." आणि मुलगा पहिल्यांदाच बोलला, "गोळी देता येत नाही का? गोळी घेऊन खेळतो."

या तिसऱ्या प्रश्नाला मी आकडेवारी दिली नाही, हँक गॅदर्सची गोष्ट सांगितली. लॉस एंजेलिसच्या लोयोला मेरिमाउंट विद्यापीठाचा हा खेळाडू त्या काळातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक होता. ९ डिसेंबर १९८९ रोजी तो सामन्यात फ्री थ्रोच्या रेषेवर कोसळला. तपासणीत हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं निघालं आणि गोळी सुरू झाली. गोळीने आपला खेळ मंदावतोय असं त्याला वाटे. डोस हळूहळू कमी केला गेला. ४ मार्च १९९० रोजी, स्पर्धेच्या सामन्यात, हवेतल्या हवेत चेंडू घेऊन त्याने तो बास्केटमध्ये कोंबला, वळून बचावाला परतला आणि पडला. पुन्हा उठला नाही. वय २३. गोळी ठोके आटोक्यात ठेवते, पण मैदानावर उभ्या असलेल्या मुलाला ती खात्री देऊ शकत नाही.

मी सही केली नाही. मुलगा त्या दिवशी माझ्याशी एक शब्दही बोलला नाही आणि पुढेही बरेच दिवस बोलला नाही. ते मला समजतं. बारा जणांत यायला त्याला चार वर्षं लागली होती. जिमखान्याचे सर मात्र भेटायला आले. त्यांनी एकच विचारलं, "बाकी पोरांना काय सांगू?" मी म्हटलं, त्याची परवानगी घ्या आणि खरं सांगा. ते खरं सांगितल्यावर त्या संघातले आणखी दोघं स्वतःहून तपासायला आले. दोघंही ठणठणीत निघाले. त्यांच्या फॉर्मवर मी आनंदाने सही केली.

पुढे मोठ्या रुग्णालयात त्याची सगळी तपासणी झाली, छातीत डिफिब्रिलेटर यंत्र बसवलं. हा आजार आनुवंशिक असल्यामुळे घरातल्या सगळ्यांचा इको केला. धाकटी बहीण सुटली. वडिलांचा पडदाही जाड निघाला, त्यांना कधी काही जाणवलं नव्हतं. तेव्हा वडिलांना आठवलं की त्यांचे वडील बेचाळिसाव्या वर्षी शेतात बांधावर बसल्या बसल्या गेले होते. गावात म्हणायचे, बाहेरची बाधा झाली.

इथे थोडं थांबतो, कारण ही गोष्ट मला वारंवार दिसते. मी विचारतो, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?" उत्तर येतं, "नाही." मग हळूहळू निघतं. काका विहिरीत बुडाले, पण पट्टीचे पोहणारे होते. आत्या झोपेत गेली. मामाला फिट आली आणि त्यातच गेला. कुणाला नजर लागली, कुणावर करणी झाली. हृदयाच्या विजेचे काही आजार पोहतानाच उफाळतात, आणि ठोका बंद पडलेल्या माणसाचे हातपाय काही क्षण झटकतात, ते लांबून फिटसारखं दिसतं. म्हणून आता मी हृदयविकार हा शब्दच वापरत नाही. विचारतो, "पन्नाशीच्या आत कोण गेलं आणि कसं?" हे उत्तर एकोणीस वर्षांच्या मुलाकडे नसतं, आजीकडे असतं. फॉर्म भरायच्या आधी एकदा आजीजवळ बसा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या आजारात खेळ कायमचा बंद, हा जुना नियम आता तितका कडक राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, हा आजार असूनही जोरदार व्यायाम करणाऱ्या लोकांत धोका वाढल्याचं दिसलं नाही. त्यामुळे आज तज्ज्ञ प्रत्येक रुग्णाचा वेगळा विचार करतात आणि निर्णय त्याच्यासोबत बसून घेतात. ज्याला धावताना शुद्ध हरपली आहे, तो मात्र वेगळ्या गटात मोडतो. तुमच्या मुलाला हा आजार निघाला तर इंटरनेटवर "आता खेळता येतं" असं वाचून स्वतः ठरवू नका, आणि सगळं संपलं असं समजून त्याला घरातही डांबू नका. हृदयरोगतज्ज्ञाला विचारा.

मग प्रत्येक खेळाडूचा ईसीजी काढावा का? यावर डॉक्टरांमध्येच वाद आहे. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत खेळणाऱ्यांना कायद्याने तपासणी करावी लागते आणि तीत ईसीजी असतो. तिथल्या व्हेनेतो प्रांतात १९७९ ते २००४ या काळात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू सुमारे ८९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेत सरसकट ईसीजी बंधनकारक नाही. निरोगी मुलांच्या ईसीजीतही वेगळेपण दिसतं, त्यावरून नाहक घबराट होते, असं तिथल्या अनेकांचं म्हणणं. माझं मत विचाराल तर विद्यापीठ पातळीवर निवड झालेल्या मुलाचा एक ईसीजी काढावा, फक्त तो खेळाडूंचे ईसीजी वाचायची सवय असलेल्याकडून वाचून घ्यावा. खर्च फार नाही. बास्केटबॉलच्या बुटांच्या किमतीत कितीतरी ईसीजी होतात. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणीही तो निघतो. इकोची गरज पडली आणि खाजगीत परवडत नसेल, तर केईएम किंवा शीव रुग्णालयाचा हृदयरोग विभाग आहे. वेळ लागतो, म्हणून रात्री साडेनऊला येऊ नका.

स्पर्धेच्या काळातल्या आणखी दोन गोष्टी. तापात खेळू नका. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात, आणि अशा सुजलेल्या हृदयावर सामन्याचा ताण पडला तर ठोके बिघडू शकतात. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, सूज उतरत नाही. तापानंतर नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा बसल्या जागी धडधडत असेल, तर दाखवून घ्या. दुसरं, वेदनाशामक गोळ्या. घोटा मुरगळला की संघातला कुणीतरी बॅगेतून पट्टी काढतो, आणि रोज दोन-तीन गोळ्या चालू राहतात, बऱ्याचदा उपाशीपोटी. घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. आणि आपल्याकडे या स्पर्धांचे दिवस म्हणजेच डेंग्यूचे दिवस. डेंग्यूत अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. घोट्याला बर्फ लावा, पट्टी बांधा आणि बाकावर बसा. बाकावर बसायला दुसरा खेळाडू नाही, हे कारण घोट्याला समजत नाही.

आणि तरीही एखादा मुलगा मैदानावर कोसळला तर?

आपल्याकडे पहिली धाव कांद्याकडे, नाहीतर चपलेकडे जाते. नाकाशी धरायला. त्यात जी दोन मिनिटं जातात, तीच मोलाची असतात. धक्का न लागता पडलेल्या खेळाडूला हलवा, हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसे अधूनमधून आचके आहेत, तर हृदय बंद पडलंय असंच समजा. हातपाय झटकत असले तरी. एकाने १०८ लावायचा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात करायची. किमान पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमलात की दुसरा, मग तिसरा. बास्केटबॉलच्या संघात या कामाला दमदार माणसांची वाण नसते. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा.

खरा उपाय विजेचा झटका, तो देणारं यंत्र म्हणजे एईडी. ते चालवायला डॉक्टर लागत नाही. उघडलं की ते स्वतः बोलून काय करायचं ते सांगतं. उपचाराविना जाणारं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स यांचा मुलगा ब्रॉनी कॉलेजच्या सरावात असाच कोसळला, तेव्हा वय अठरा. मदत जागेवर होती, तो वाचला. जन्मजात हृदयदोष निघाला, उपचार झाले, आणि त्याच डिसेंबरात तो पुन्हा सामना खेळला.

आपल्या कॉलेजांना एईडी घ्यायला वेळ लागेल. काही गोष्टी मात्र याच आठवड्यात, पैसे न लागता होतात. स्कोअर लिहिणाऱ्याच्या टेबलावर एक कागद चिकटवा. मैदानाचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे १०८ ला फोन करणारा मुलगा घाबरला तरी वाचून सांगेल. छाती दाबायला शिकलेल्या दोघांची नावं लिहा. रुग्णवाहिकेला वाट दाखवायला रस्त्यापर्यंत कोण पळेल, ते लिहा. आणि मैदानाच्या मागच्या मोठ्या फाटकाला कुलूप असतं, त्याची किल्ली सामन्याच्या वेळी कुणाच्या खिशात आहे, तेही.